ट्रॅक मागू नका

गेल्या डिसेंबरात बुलढाण्याच्या डोंगरातले चार फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकले, आणि तेव्हापासून एकच मागणी चालू आहे. "जीपीएक्स फाईल पाठव ना." ओळखीचे मागतात, ओळखीच्यांचे ओळखीचे मागतात. एका जुन्या टीममेटने तर टोमणाही मारला, "तू एवढा ओपन सोर्सवाला, आणि एक फाईल द्यायला जिवावर येतं?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो. फाईल आहे. फोनमध्येच आहे, पाठवायला पाच सेकंद लागतील. तरी देणार नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की बिनवाटेच्या डोंगराचा ट्रॅक कुणीच कुणाला देऊ नये, निदान असा चव्हाट्यावर टाकू नये.

आता आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्यातल्या मंडळींना बुलढाण्यात डोंगर असतात हेच पटत नाही. विदर्भ म्हणजे सपाट, कापूस, ऊन आणि संत्री. (संत्र्यांचा पट्टा मुख्यतः अमरावती-नागपूरकडे, पण असो.) अजिंठ्याची रांग या जिल्ह्यातून आडवी जाते. बुलढाणा गाव या रांगेच्या वरच वसलंय. मलकापूरकडून येताना राजूर घाट आणि खामगावकडून येताना बोथ्याचा घाट चढावा लागतो तो त्यामुळेच. उत्तरेला खाली पूर्णेचं सपाट खोरं, आणि ते ओलांडून जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत पुन्हा सातपुड्याची भिंत. सह्याद्रीची उंची इथे नाही. पायथ्यापासून दोन-तीनशे मीटर चढलात की बहुतेक ठिकाणी डोंगर संपतो. पण ते दोनशे मीटर कसे आहेत ते बघा. पाऊस चार महिने. नोव्हेंबरात गवत पिवळं, जानेवारीत करडं, आणि मार्चनंतर सगळा उतार भाजून काढलेल्या विटेसारखा. झाडं म्हणजे अंजन, सलई, धावडा, तीही पानं टाकून उभी. धरायला फांदी नाही, सावली नाही, पाणी नाही, आणि पायाखाली घसारा.

ऑनसाईटला असताना मी दोन हिवाळे ॲरिझोनात काढले. तिथे वाळवंटातल्या उभ्या डोंगरांवर वाट सोडून चढणाऱ्यांचा एक पंथच आहे. पायवाट जिथे संपते तिथे यांचा शनिवार सुरू होतो. मलाही ती चटक तिथेच लागली, आणि परत आल्यावर लक्षात आलं की यासाठी विमानात बसायची गरज नव्हती. आपल्याच जिल्ह्यात हुबेहूब तसलं चढणं आहे. निवडुंगाऐवजी कुसळं, एवढाच फरक.

तर मुद्दा. ओपन सोर्सचा टोमणा मारणाऱ्याला मी गंभीरपणे उत्तर देतो, कारण वरवर पाहता त्याचं म्हणणं बिनतोड आहे. मी गेली वीस वर्षं दुसऱ्यांनी फुकट दिलेल्या कोडवर पोट भरतोय. मग मी काही द्यायचं म्हटलं की हात का आखडतो? कारण सोपं आहे. कोडच्या दहा लाख कॉपी काढल्या तरी मूळ झिजत नाही. उताराची एकच प्रत आहे, आणि जो तो येऊन त्या मूळ प्रतीवरच चालतो.

हे झिजणं म्हणजे नुसती भावुक भाषा नव्हे. सुटे दगड आणि मुरूम साधारण ३० ते ३७ अंशांच्या कोनापर्यंत ढिगासारखे टिकून राहतात. त्याहून उभं झालं की घसरतात. आमच्याकडचे बरेचसे उतार या मर्यादेच्या जवळच उभे आहेत, आणि त्यांना धरून ठेवणारी गोष्ट एकच: गवताची मुळं. एक माणूस गेला तर त्याच्या मागे काही उरत नाही. दहा माणसं दहा ठिकाणांहून गेली तरी पुढच्या पावसात सगळं पुसलं जातं. पण पन्नास माणसं दोन मीटर रुंदीच्या एकाच रेषेवरून गेली, की त्या रेषेतलं गवत मरतं. मग जूनचा पहिला पाऊस येतो. आमच्याकडचा पाऊस कोकणासारखा रिपरिप करत नाही, तो तासाभरात कोसळून मोकळा होतो. ते पाणी उघड्या रेषेतून धावतं आणि तिची चर होते. पुढच्या वर्षी लोक चरीतून चालायला कंटाळतात आणि बाजूने चालतात. मग बाजूचं गवत मरतं. चार-पाच पावसाळ्यांत डोंगराच्या पाठीवर ओरखडा उठतो, तो खालच्या रस्त्यावरून दिसतो.

आणि पन्नास माणसं नेमकी एकाच रेषेवरून का जातात? डोंगर एवढा मोठा पडलाय. ती रेषा त्यांच्या हातातल्या पडद्यावर निळ्या रंगात आखलेली असते, म्हणून. फाईल नसेल तर प्रत्येकजण आपापल्या अकलेने थोडा इकडून, थोडा तिकडून जातो. फाईल आली की सगळ्यांची अक्कल एका रेषेवर येते. म्हणजे 'बिनवाटेचा ट्रॅक' हा शब्दप्रयोगच मुळात गंमतशीर आहे. ट्रॅक टाकला त्या दिवसापासून तिथे वाट आहे, फक्त ती पडायची बाकी आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा. ट्रॅकमुळे जीव वाचतात, माणूस चुकत नाही, तू माहिती लपवून लोकांना संकटात टाकतोस, वगैरे. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण घनदाट जंगलातल्या किंवा धुक्यातल्या मळलेल्या वाटेला जे लागू पडतं ते उघड्या, उभ्या, ठिसूळ उताराला लागू पडत नाही. तिथे माणूस सहसा चुकत नाही. पायथ्याचं गाव त्याला सतत खाली दिसत असतं! तिथे माणूस पडतो. आणि पडण्याबद्दल जीपीएक्स फाईलला काहीही माहिती नसतं.

का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो. आपला सगळा दख्खन लाव्ह्याच्या थरांचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. 'डेक्कन ट्रॅप' यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्कँडिनेव्हियन भाषांमधला जिन्याच्या पायरीचा शब्द आहे. एकेक थर म्हणजे एकेक पायरी. घट्ट बसाल्टचा थर उभा कडा बनून राहतो, त्याच्यावरचा-खालचा मऊ, जाळीदार किंवा लाल मातीचा थर झिजून उतार बनतो. म्हणून आमचा डोंगर असा असतो: उतार, कडा, पट्टी, पुन्हा उतार, पुन्हा कडा. कडे काही कोकणकड्यासारखे नाहीत. पाच मीटर, आठ, कधी पंधरा. हातपाय मोडायला पुरेसे.

आता नकाशा घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून घरबसल्या उतरवून घेता येतात, फार चांगली गोष्ट झाली. पण त्यातल्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने आहेत. पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये आरामात झोपू शकतो, नकाशाला पत्ताही नाही. मोबाईल ॲपमधली उंची तर बहुधा २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवर उभी असते; तिचा एक चौकोन ३० मीटरचा. एका चौकोनाला एक उंची. म्हणजे आठ मीटरचा कडा, त्याखालची पट्टी आणि त्याखालचा घसारा हे तिघे मिळून पडद्यावर एक गुळगुळीत उतार होतात. वर तुमच्या फोनचं जीपीएस मोकळ्या मैदानात पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि कड्याला खेटून उभे राहिलात तर सिग्नल खडकावर आपटून येतो आणि चूक आणखी वाढते. ज्या फटीतून कडा चढता येतो ती फट दोन मीटर रुंद. निळी रेषा तुम्हाला त्या फटीच्या दहा मीटर डावीकडे नेऊन उभं करते, आणि तुम्ही फटीवर विश्वास ठेवण्याऐवजी रेषेवर ठेवता. कारण "त्याने केलंय ना इथून."

त्याने इथूनच केलं असेलही. पण कधी? डिसेंबरात, ओल थोडी शिल्लक असताना, की एप्रिलात, सगळं सुटं झाल्यावर? चढताना की उतरताना? ज्या घसाऱ्यावरून चढायला तासभर लागतो त्यावरून उतरणं म्हणजे वेगळाच डोंगर आहे. तो तीन ठिकाणी थांबला, पाय ठेवून पाहिला, मागे आला, वळसा घातला, हे फाईलमध्ये दिसतं का? दिसलं तर एक गुंतवळ दिसतो, आणि अपलोड करण्याआधी सॉफ्टवेअर तो गुंतवळ व्यवस्थित सरळ करून टाकतं. आमच्या धंद्यात याला डेटा साफ करणं म्हणतात. त्यात साफ झाली ती नेमकी माणसाची अक्कल.

तर मग नवख्याने शिकायचं कसं? हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर मी लपवत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, समोरच्या शेतातून डोंगर बघत बसायचं. तेव्हा कड्यांच्या सावल्या पडतात आणि कुठे सावली तुटलीय ते दिसतं; ती फट. वर जायचं ते सोंडेवरून, नाळेतून नाही, कारण वरून सुटलेला प्रत्येक दगड शेवटी नाळेत येतो. एकामागोमाग एका रेषेत कधीच चढायचं नाही, तिरपं, एकमेकांच्या बाजूला. दगडावर भार टाकायच्या आधी त्याला लाथ मारून बघायची. गुरांचं शेण जिथवर दिसतं तिथवर काळजी नाही; ते संपलं की आपली जबाबदारी सुरू. अंजनाचं जिवंत झाड धरायला चालतं, वाळलेल्या सलईला हात लावायचा नाही. जे आपल्याला उतरता येणार नाही ते चढायचं नाही. माणशी चार लिटर पाणी, आणि ऊन तापायच्या आत उतरायला लागायचं, मग माथा हाताशी असो नाहीतर नसो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर जायचंच नाही. हे सगळं मी कुणालाही, कितीही वेळा, फुकट सांगायला तयार आहे. हीच खरी सोर्स फाईल आहे. ट्रॅक म्हणजे तिचं एकदाच कंपाईल केलेलं आऊटपुट, तेही दुसऱ्याच मशीनसाठी.

आणि सगळ्यात आधी, पायथ्याच्या गावात विचारायचं. मागच्या खेपेला एका गुराख्याने मला जे अर्ध्या मिनिटात सांगितलं ते कुठल्याही ॲपमध्ये नव्हतं. "भाऊ, सोंडेनं जा. नाल्यात घुसू नोका, तिथं अस्वल येते. अन् वरचा दगड निरा पोकळ हाये, पाय ठेवाच्या आंधी हालवून पाहा." तीन वाक्यं. ट्रॅक हातात असणारा माणूस गावात थांबतच नाही. गाडी लावतो, हेडफोन घालतो आणि निघतो. मग दुपारी पाणी संपलं की त्याच गावात येऊन म्हणतो, इथे काहीच सोय नाही हो.

अस्वलाचं नाव निघालंच आहे तर या वादातला माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार भाग सांगतो. बुलढाणा-खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटर. वर सातपुड्यात अंबाबरवा. दोन्हीकडे अस्वलं, बिबटे. ज्ञानगंगेत तर २०१९ च्या डिसेंबरात एक पाहुणा आला होता. टिपेश्वरचा टी१ सी१ वाघ, लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. यवतमाळ जिल्ह्यातून निघून तेलंगणाचा फेरा मारून, शेतं, रस्ते, नाले तुडवत १,३०० किलोमीटरहून जास्त चालून तो इथे पोचला. बिनवाटेचा ट्रेक म्हणजे काय ते त्याने दाखवून दिलं! हे आपल्याला कळलं ते त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. म्हणजे त्याचाही ट्रॅक होताच, बिंदू बिंदू जोडलेला. पण वाघ आज, आत्ता कुठे आहे हे कुणी नेटवर टाकत बसलं नाही, आणि त्याला कारण आहे. २०१३ साली पन्नाच्या कॉलर लावलेल्या एका वाघाचा डेटा ज्या ईमेल खात्यात यायचा, त्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न केल्याची बातमी आली होती. प्रयत्न पुण्यातून झाला असं तेव्हा छापून आलं. शिकारी होता की उगाच खोडसाळ, देव जाणे. पण ठिकाणाचा डेटा निरुपद्रवी नसतो हे त्या एका बातमीने कळायला हवं होतं. नाहीच कळलं तर २०१८ चं स्ट्राव्हाचं प्रकरण आठवा. सैनिकांनी पळायला जाताना घड्याळं चालू ठेवली, आणि जगाच्या नकाशावर लष्करी तळांचे आराखडे उजळून निघाले. कुणीही एक माणूस काही चुकीचं करत नव्हता. प्रत्येकजण आपला 'फक्त एक ट्रॅक' टाकत होता.

उन्हाळ्यात कोरड्या डोंगरात अस्वलाला जागा किती उरते याचा विचार करा. एखादी नाळ, तिच्यात खडकाखाली डबकं, दुपारची सावली. माणसाच्या दृष्टीने ती 'सुंदर ऑफबीट स्पॉट' असते. तिथपर्यंतची रेषा एकदा नेटवर गेली की दर शनिवारी तिथे कुणीतरी असणार. अस्वल एकतर जागा सोडेल, नाहीतर अंगावर येईल. अंगावर आलं की पेपरात 'अस्वलाचा हल्ला' म्हणून छापून येणार, 'डोंगरातल्या डबक्यावर माणसाचा हल्ला' म्हणून नाही. आणि त्याचा राग निघणार तो मोहाची फुलं वेचायला, सरपणाला जाणाऱ्या गावकऱ्यांवर. आपण तोपर्यंत हिंजवडीत, सोमवारच्या स्टँडअपला. शिवाय अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, ही साधी गोष्ट निळ्या रेषेवर लिहिलेली नसते. मी स्वतः जातो ते हद्दीबाहेरच्या, चराईच्या डोंगरांवर, आणि त्यातला कुठला ते सांगणार नाही हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेलच.

"म्हणजे तू एकट्याने मजा करायची आणि बाकीच्यांनी घरी बसायचं!" हा शेवटचा आक्षेप. उच्चभ्रूपणाचा. यात थोडं तथ्य आहे असं मलाही वाटतं. गुपित ठेवणारा माणूस चटकन दरवानासारखा वागायला लागतो, आणि सह्याद्रीत तसले दरवान मी भरपूर पाहिलेत. पण मी डोंगराला कुलूप लावत नाहीये. डोंगर रस्त्यावरून दिसतो. एसटी जाते. नकाशा सरकार फुकट देतं. मी नाकारतोय ती फक्त तयार उत्तरपत्रिका. आणि उत्तरपत्रिका वाटली की काय होतं याचा नमुना बघायचा असेल तर पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहा. उभेच राहाल, कारण हलायला जागा नसते. मग गर्दी झाली म्हणून रेलिंग, रेलिंग झालं म्हणून आणखी गर्दी, कुणी पडलं म्हणून बंदी. हरिहर कातळात खोदलेला आहे, तो हे सोसेल. आमचा मुरूम नाही सोसणार.

नियमाला अपवाद हवा म्हणून नाही, पण लोणारबद्दल माझं मत बरोब्बर उलट आहे, तेही सांगून टाकतो. लोणार म्हणजे आमच्या जिल्ह्यातला उलटा डोंगर. पायथा वर, माथा खाली. काठाकाठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळं सुमारे १३७ मीटर खाली, आतला उतार सरासरी २६ अंशांच्या आसपास. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि हे ज्वालामुखीचं तोंड नसून उल्केचा घाव आहे हे नीट सिद्ध व्हायला १९७३ उजाडावं लागलं. बसाल्टमध्ये इतका चांगला टिकलेला असा घाव पृथ्वीवर क्वचितच सापडेल. तिथे वाट सोडून एकाही माणसाने उतरू नये. हौस म्हणून नाही, फोटोसाठी नाही, 'मी नेहमी ऑफ-ट्रेल करतो' म्हणून तर अजिबात नाही. बाकीच्या डोंगरावर ओरखडा उठला तर गवत परत येईल अशी आशा तरी असते. इथे काठावरून आत घसरणारा प्रत्येक दगड हाच मुळी पुरावा आहे, आणि खाली गेला की त्याची जागा गेली. तरीही वळसा वाचवायला लोक मधूनच उतरतात, दाट झाडीत चुकतात, आणि भर दुपारी तेच १३७ मीटर वर चढायची वेळ येते. उलट्या डोंगराचा हा उलटा हिशोब: चढ नेहमी परतीला, पाय दमल्यावर, पाणी संपल्यावर.

तेव्हा लोणारचा ट्रॅक हवा असेल तर अवश्य मागा. वनखात्याने त्या वेळी जी वाट खुली ठेवली असेल, कमळजा देवीच्या देवळापर्यंत आणि परत, तेवढीच रेषा आहे त्यात. सकाळी सात ते साडेनऊ. ती मी आनंदाने पाठवतो.